मित्रांबरोबर युरोप, कमी खर्चात आणि एकापेक्षा जास्त देश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपचा बेत ठरला की पहिला आठवडा फोटो पाहण्यात जातो आणि दुसऱ्या आठवड्यापासून प्रश्न सुरू होतात. गेली काही वर्षं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे एका जागी लिहिले आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. आम्ही सहा जण आहोत आणि सगळे तयार आहेत. सुरुवात नकाशापासून करायची ना?

नाही, पैशांपासून करा. प्रत्येकाने आपल्याला जास्तीत जास्त किती खर्च झेपेल तो आकडा एकट्याने ठरवावा आणि तुमच्यातल्या एकाच विश्वासू माणसाला कळवावा, सगळ्यांसमोर नको. त्यातला सगळ्यात लहान आकडा हाच सहलीचा आकडा. जास्त कमावणाऱ्याला स्वस्त खोलीत झोपताना फार काही गमवावं लागत नाही. ज्याच्याकडे कमी आहे तो मात्र "चालेल, चालेल" म्हणत राहतो आणि चौथ्या दिवसापासून "मला भूक नाही" सांगून जेवण टाळायला लागतो. आमच्या पहिल्या सहलीत एका जवळच्या मित्राचं असंच झालं. आम्हाला ते परतल्यावर कळलं, आणि त्याची रुखरुख मला आजही आहे.

विमान, व्हिसा, विमा, राहणं आणि शहरांमधला प्रवास एवढा सामायिक खर्च त्या लहान आकड्यात बसवा. ऑपेरा, फुटबॉलचा सामना, स्वित्झर्लंडमधली युंगफ्राऊयोखची डोंगरी रेल्वे अशा गोष्टी ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडा. नकाशा त्यानंतर उघडा.

२. दोन आठवड्यांत किती देश बसतात?

तीन. एकमेकांना लागून असतील तर चार. "सात देश, चौदा दिवस" असा बेत कागदावर देखणा दिसतो, पण मुक्काम हलवायचा म्हणजे सामान बांधा, खोली सोडा, स्टेशन गाठा, पुढच्या खोलीची वेळ होईपर्यंत बॅगा सांभाळा. यात अर्धा दिवस जातो आणि तिकिटाचे पैसे वेगळे. सहा जण असले की हे आणखी लांबतं, कारण कुणाचं तरी चार्जर नेहमी मागे राहतं. खर्च वाचवायचा सगळ्यात मोठा मार्ग म्हणजे कमी वेळा हलणं.

शहरं एका ओळीत निवडा. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने साधारण चार तास, व्हिएन्ना ते ब्रातिस्लावा तासभर, व्हिएन्ना ते बुडापेस्ट अडीच-पावणेतीन तास. झेकिया, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी असे चार देश झाले आणि एकदाही विमान लागलं नाही. ब्रातिस्लावाला तर मुक्कामही नको, व्हिएन्नाहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम ही ओळही अशीच सोपी, फक्त राहण्याचा खर्च बराच जास्त. पॅरिस, रोम, प्राग, अ‍ॅमस्टरडॅम अशी उड्या मारणारी यादी आली की माझा सल्ला एकच: दोन सहली करा.

विमान एका शहरात उतरणारं आणि दुसऱ्या शहरातून सुटणारं घ्या. प्रागला उतरून बुडापेस्टहून निघालात तर मागे फिरण्याचा एक दिवस आणि एक तिकीट वाचतं.

३. कोणते देश खिशाला हलके?

पोलंड, हंगेरी, रोमानिया, बल्गेरिया, आणि पश्चिमेकडे पोर्तुगाल. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि डेन्मार्क सगळ्यात महाग. तरी मन स्वित्झर्लंडमध्येच असेल तर तो वगळू नका. तिथे दोन-तीन रात्री ठेवा, सुपरमार्केटमधून खा आणि पायी फिरा. डोंगर बघायला तिकीट लागत नाही. लक्झेंबर्गमध्ये २०२०पासून बस, ट्राम आणि दुसऱ्या वर्गाची रेल्वे सगळ्यांना मोफत आहे, पर्यटकांनाही.

४. एकाच व्हिसावर सगळे देश होतात का?

शेंगेन क्षेत्रातले, म्हणजे एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या गटातले, २९ देश होतात. इथे लोकांची गल्लत होते, कारण शेंगेन, युरोपीय संघ आणि युरो चलन या तीन वेगळ्या याद्या आहेत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. क्रोएशिया २०२३च्या १ जानेवारीला शेंगेनमध्ये आला. रोमानिया आणि बल्गेरिया २०२५च्या १ जानेवारीपासून पूर्णपणे आले. जुन्या माहितीवर विसंबून या तिघांना वगळू नका, तिघंही कमी खर्चात होतात. ब्रिटनचा व्हिसा पूर्ण वेगळा.

५. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? आणि कधी?

ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दोन देशांत दिवस समान असतील तर जिथे आधी प्रवेश करणार त्याच्याकडे. जिथे व्हिसाच्या भेटीची वेळ लवकर मिळते तिथे अर्ज टाकून मुक्काम दुसरीकडेच करायचा, हा सल्ला अनेक जण देतात. तो घेऊ नका. सीमेवर आरक्षणं दाखवायला सांगू शकतात.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, क्वचित ४५पर्यंत. उन्हाळ्यात भेटीच्या वेळाच मिळत नाहीत, म्हणून तीन महिने हातात ठेवा. जून २०२४पासून प्रौढांचं शुल्क ९० युरो आहे. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. बोटांचे ठसे पूर्वी दिले असतील तर ते ५९ महिने चालतात.

६. व्हिसा फ्रान्सचा, पण पहिलं विमान मिलानला उतरतं. अडवतील का?

नाही, पहिला प्रवेश कोणत्याही शेंगेन देशातून करता येतो. मुख्य मुक्काम फ्रान्समध्येच आहे हे दाखवणारी आरक्षणं छापून जवळ ठेवा.

७. सहा जणांचा अर्ज एकत्र होतो का? एकाला नकार आला तर?

भेटीची वेळ एकत्र मागता येते, पण अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र आणि निर्णयही स्वतंत्र. बँकेचे कागद, नोकरीचं किंवा शिक्षणाचं पत्र, विमा हे सगळं ज्याचं त्याचं. कार्यक्रमपत्रिका मात्र सगळ्यांची जुळली पाहिजे. एकाच्या कागदावर प्रागमध्ये तीन रात्री आणि दुसऱ्याच्या कागदावर चार असं नको. कुणी दोन दिवस वेगळं फिरणार असेल तर ते त्याच्या अर्जात तसंच लिहा. त्यामुळे त्याचा मुख्य देशही बदलू शकतो.

नकार आला तर कारण लेखी मिळतं आणि अपील करता येतं, शुल्क मात्र परत मिळत नाही. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत राहण्याची सगळी आरक्षणं रद्द करता येणारीच घ्या, थोडी महाग पडली तरी. आणि अर्ज भरण्याआधीच बोलून ठेवा: एकाला नकार आला तर बाकीचे जाणार का, आणि त्याच्या वाट्याचा खोलीखर्च कुणी उचलायचा? हा प्रश्न घटना घडल्यावर विचारला की मैत्री दुखावते.

८. मध्येच लंडन किंवा सर्बियातलं बेलग्रेड करून परत शेंगेनमध्ये आलो तर?

व्हिसावर एकाहून जास्त प्रवेश लिहिलेले असतील तरच येता येईल. एकच प्रवेश असेल तर बाहेर पाऊल टाकताच तो व्हिसा संपला, दिवस शिल्लक असले तरी. सर्बियासारखे काही देश वैध शेंगेन व्हिसा असलेल्याला वेगळ्या व्हिसाशिवाय येऊ देतात. लोक आत सहज जातात आणि परतीच्या सीमेवर अडकतात ते यामुळेच. लंडन करायचंच असेल तर सहलीच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवा.

दिवस मोजताना येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरतात. कोणत्याही १८० दिवसांत ९०ची मर्यादा आहे, पण तुमच्या व्हिसावर कमी दिवस लिहिले असतील तर तेच खरे. ऑक्टोबर २०२५पासून सीमेवरच्या शिक्क्यांची जागा संगणकातली नोंद घेऊ लागली आहे, तेव्हा एखादा जादा दिवस नजरेतून सुटेल ही आशा ठेवू नका. पहिल्या प्रवेशाला रांग लांबू शकते, म्हणून पुढचं विमान किंवा गाडी लगेचची घेऊ नका.

९. युरेल पास घेतला की रेल्वेची चिंता मिटली ना?

अर्धीच. अनेक देशांच्या रेल्वेंत चालणारा हा एकच पास: युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल, युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल. ग्लोबल पास ३३ देशांत चालतो आणि २७ वर्षांपर्यंतच्यांना सवलत मिळते. पण फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोसा, स्पेनची एव्हीई आणि युरोस्टार या वेगवान गाड्यांना पास असला तरी जागेचं आरक्षण वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं. फ्रान्समध्ये पासधारकांच्या जागाही मोजक्याच असतात, आणि सहा जागा एकदम मिळणं अवघड. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत आरक्षणाशिवाय चढता येतं.

चार-पाच लांबचे प्रवास असतील आणि ते आधी पक्के ठरले असतील, तर सुटी तिकिटं दोन-तीन महिने आधी काढणं बहुधा स्वस्त पडतं. मात्र ती त्याच गाडीला बांधलेली असतात. गाडी चुकली की पैसे गेले. बेत मोकळा ठेवायचा असेल आणि भर मध्य युरोपावर असेल तर पास घ्या.

रात्रीच्या गाडीचं गणित वेगळं. व्हिएन्ना ते व्हेनिस नाइटजेटने गेलात तर एका रात्रीचं भाडं वाचतं. सहा बर्थचा कूपे सहा मित्रांनी घेतला तर अनोळखी कुणी नसतं आणि सामानाची काळजीही कमी होते. त्यात स्वस्त खुर्चीही मिळते, पण मी ती घेऊ नका म्हणेन. पुढचा सगळा दिवस झोपेत जातो.

१०. विमानाचं तिकीट रेल्वेपेक्षा स्वस्त दिसतंय. घ्यावं का?

चार गोष्टी जोडून मग तुलना करा. एक, सामान: त्या दरात बहुधा सीटखाली मावेल एवढीच पिशवी येते. दोन, विमानतळ: पॅरिस-बोव्हे पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटर आहे आणि फ्रँकफर्ट-हान फ्रँकफर्टपासून सुमारे १२०. तीन, ऑनलाइन चेक-इन: विसरलात तर विमानतळावर जबर शुल्क. चार, व्हिसाची तपासणी: काही स्वस्त विमानकंपन्या युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना गेटवर जाण्याआधी काउंटरवर कागदपत्रं तपासून घ्यायला सांगतात. आमच्यातल्या दोघांनी ते केलं नव्हतं. गेटवरून त्यांना परत पाठवलं आणि ते धावत परत पोचले तेव्हा दार बंद व्हायला आलं होतं. उरलेले आम्ही चौघं आत जावं की थांबावं हे न कळून तिथेच उभे होतो. आता गटात एक माणूस फक्त या कामासाठी नेमतो.

११. हॉस्टेल की अपार्टमेंट?

तीन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम असेल आणि स्वयंपाक करणार असाल तर अपार्टमेंट. नाहीतर हॉस्टेलची सहा खाटांची पूर्ण खोली. अपार्टमेंटच्या दरात साफसफाईचं शुल्क नंतर जोडलं जातं, त्यामुळे एका-दोन रात्रींना ते परवडत नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये घरगुती भाड्याच्या जागेत एका वेळी चारच पाहुण्यांना परवानगी आहे, सहा जणांची जागा तिथे शोधू नका. काही हॉस्टेलं मोठ्या गटाला वेगळे नियम लावतात, काहींना वयाची मर्यादा असते. पैसे भरण्याआधी वाचा.

शहर-कर बहुतेक ठिकाणी दरात धरलेला नसतो. तो माणशी, रात्रीगणिक घेतात. अ‍ॅमस्टरडॅममध्ये तो खोलीच्या भाड्याच्या १२.५ टक्के आहे.

१२. व्हेनिसमध्ये शिरायचेही पैसे पडतात, हे खरं का?

ठरावीक दिवशी, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना. व्हेनिसच्या पालिका हद्दीत मुक्काम करणाऱ्यांना ते शुल्क नाही, आणि मेस्त्रे त्याच हद्दीत येतं. म्हणजे मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेत स्वस्तात राहून रेल्वेने दहा-बारा मिनिटांत व्हेनिसला जाता येतं आणि शुल्कही लागत नाही. सवलतीची नोंद मात्र आधी ऑनलाइन करावी लागते.

१३. गटाला तिकिटात सवलत मिळते का?

जर्मनीत चांगली मिळते. बायर्न तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर बव्हेरिया (जर्मनमध्ये बायर्न) राज्यातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्यांतून फिरता येतं, आणि ते ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत चालतं. म्हणजे म्युनिकला राहून दुसरा देश त्याच तिकिटात. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच लागू होतं, वेगवान आयसीई गाड्यांत चालत नाही आणि सगळ्यांची नावं त्यावर लिहावी लागतात. म्युनिक आणि बर्लिनमध्ये शहरी वाहतुकीचंही पाच जणांचं दिवसाचं तिकीट आहे.

सहाव्याचं काय? बायर्न तिकिटात पहिल्या माणसाचा दर मोठा आणि पुढच्या प्रत्येकाची भर सारखी, त्यामुळे पाच अधिक एक किंवा तीन अधिक तीन, खर्च तेवढाच. तीन-तीन घ्या. कुणी एकटं पडत नाही आणि दिवसाचे दोन वेगळे बेतही करता येतात.

१४. आम्ही २६च्या आतले आहोत. संग्रहालयं मोफत ना?

इथे निराशा होते. २६ वर्षांखालच्यांची ती प्रसिद्ध सवलत बहुतेक ठिकाणी युरोपातल्या नागरिकांना किंवा रहिवाशांनाच आहे. पॅरिसच्या लूव्रने तर जानेवारी २०२६पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या (म्हणजे युरोपीय संघ, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन सोडून इतर देशांतल्या) पाहुण्यांचा दर वाढवून ३२ युरो केला. १८ वर्षांखालच्यांना मात्र लूव्र आणि इटलीची सरकारी संग्रहालयं, कुठूनही आलेले असोत, मोफत आहेत.

सगळ्यांसाठी मोफत असलेल्या वेळा धरा. माद्रिदचं प्रादो सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ आणि रविवारी ५ ते ७. इटलीची सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी. व्हॅटिकनची शेवटच्या रविवारी सकाळी. रांगा प्रचंड असतात. एखादी गोष्ट मनापासून बघायची असेल तर तिथे पैसे भरून शांतपणे जा.

१५. रोख किती न्यावी? युरो सगळीकडे चालतात ना?

नाही. झेकियात कोरुना, हंगेरीत फोरिंट, पोलंडमध्ये झ्लॉटी, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक. बल्गेरियाने मात्र २०२६च्या १ जानेवारीपासून युरो घेतला. रोख थोडीच ठेवा: सार्वजनिक शौचालयं, लहान बेकऱ्या, लॉकर यांपुरती. एटीएम बँकेच्या शाखेला लागून असलेलं वापरा. कार्ड लावल्यावर यंत्र "तुमच्या चलनात आकारू का?" असं विचारतं, तेव्हा नेहमी नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. हो म्हटलं की यंत्राचा महाग विनिमयदर लागतो.

१६. हिशेब कसा ठेवायचा? दर वेळी वाटे पाडताना भांडणं होतात.

दर वेळी वाटे पाडूच नका. रोजच्या सामायिक खर्चाचा गल्ला करा: प्रत्येकाने सुरुवातीला सारखी रक्कम टाकायची, गल्ला एकाकडे. दूध, ब्रेड, ट्राम, लॉकर हे त्यातून. संपला की पुन्हा सारखी भर. मोठे खर्च, जसं खोली आणि रेल्वे, स्प्लिटवाइजसारख्या अ‍ॅपमध्ये त्याच दिवशी, चलनासकट नोंदवा. कार्डाने दिले असतील तर बँकेने प्रत्यक्ष कापलेली रक्कम लिहा.

दारू आणि मांसाहार सामायिक खर्चात धरू नका. न घेणारा कधी बोलत नाही, पण त्याला ते सलतं. आणि हिशेब आठवड्यातून एकदा चुकता करा, घरी गेल्यावर नव्हे.

१७. सगळ्यांनी सतत एकत्र फिरायचं का?

अजिबात नाही. सहा जणांना एकाच दारातून बाहेर काढायला तास लागतो. दिवसातून एक जेवण एकत्र आणि तीन-चार दिवसांनी एक पूर्ण मोकळा दिवस, एवढं आधीच ठरवा. मोकळा दिवस पैशांसाठीही चांगला: ज्याला महाग तिकीट काढायचंय तो काढतो, ज्याला नदीकाठी बसायचंय तो बसतो, आणि कुणाला कारण द्यावं लागत नाही.

१८. जेवणाचा खर्च आटोक्यात कसा ठेवायचा?

मोठं जेवण दुपारी करा. स्पेनमधलं ठरावीक दराचं दुपारचं ताट, मेनू देल दिआ, संध्याकाळच्या जेवणापेक्षा बरंच स्वस्त असतं. सकाळ-संध्याकाळ सुपरमार्केट. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, पोलंडमध्येही बहुतेक रविवारी. शनिवारीच सामान भरा, नाहीतर मोठ्या स्टेशनातलं दुकान गाठा. इटलीत बिलावर माणशी 'कोपेर्तो' म्हणजे टेबलाचा आकार लागतो, ती फसवणूक नव्हे. रोममध्ये रस्त्याकडेच्या नळांचं पाणी पिण्याचंच आहे, रिकामी बाटली जवळ ठेवा.

१९. एका सिमवर सगळे देश होतात का?

युरोपीय संघातल्या कोणत्याही देशाचं सिम संघातल्या इतर देशांत आणि नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइनमध्ये जादा शुल्काविना चालतं. डेटाला मर्यादा असू शकते. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन या नियमात येत नाहीत. सीमा ओलांडण्याआधी रोमिंग बंद करा.

२०. गाडी भाड्याने घेतली तर सहा जणांत स्वस्त पडेल का?

शहरं बघायची असतील तर नाही. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्लोव्हेनिया, झेकिया आणि हंगेरीत महामार्गासाठी व्हिन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-परवाना, लागतं. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते. एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडली तर मोठं शुल्क, आणि २५खालच्या चालकाला बहुधा अधिभार. टस्कनीची खेडी किंवा आल्प्समधल्या दऱ्या असतील तर मात्र दोन-तीन दिवसांसाठी जरूर घ्या, त्याच देशात परत करा.

२१. पासपोर्ट चोरीला गेला किंवा कुणी आजारी पडलं तर बाकीच्यांनी काय करायचं?

संपूर्ण युरोपीय संघात आपत्कालीन क्रमांक ११२. पासपोर्ट गेला तर आधी पोलिसांकडून लेखी नोंद, मग आपला दूतावास. दूतावास राजधानीत असतो, म्हणजे त्या माणसाची पुढची एक-दोन शहरं बहुधा बुडणार. प्रत्येकाच्या पासपोर्टची, व्हिसाची आणि विम्याची प्रत आणखी दोघांच्या फोनमध्ये ठेवा. दवाखान्यात जाण्याआधी शक्य असेल तर विमाकंपनीला फोन करा.

आणि हे निघण्याआधी ठरवा: अडकलेल्या माणसासोबत एक जण थांबेल, कोण ते आत्ताच, नावानिशी. त्या दोघांचा जादा खर्च सगळ्यांत वाटला जाईल. आम्ही हे कागदावर लिहून सहा जणांनी सह्या केल्या. क्राकोमध्ये एकाला ताप आला तेव्हा कुणालाच काही विचारावं लागलं नाही. चौघं पुढच्या गाडीत बसले, आणि ज्याचं नाव कागदावर होतं तो औषधं आणायला निघाला होता.